भाषाविज्ञान आणि तौलनिक साहित्याचं सर्टिफिकेट करताय? या चुका टाळा

"ताई, तुम्ही तो भाषांचा कोर्स केलात ना? आमच्या रेवतीलाही करायचाय." दांडिया बाजार, रावपुरा, मांजलपूर अशा ठिकठिकाणच्या ओळखीच्या मराठी घरांतून असा फोन आता वर्षाला तीन-चारदा तरी येतो. मी हा अभ्यासक्रम एका परदेशी विद्यापीठातून, वडोदऱ्यात बसून, नोकरी सांभाळून पुरा केला. त्यात मी स्वतः केलेल्या आणि नंतर इतरांचे अर्ज नि निबंध वाचताना दिसलेल्या चुका इथे लिहून ठेवते. काही किरकोळ आहेत, वेळीच कळल्या की सुटतात. एक मात्र मुळातली आहे. तिच्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण ती खास आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेत राहिलेल्या मराठी माणसांची आहे.

नावापासूनच घोटाळा

आपल्याकडे 'ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट' म्हणजे पदवीचं प्रमाणपत्र. अमेरिका-कॅनडात 'ग्रॅज्युएट' म्हणजे पदवीनंतरचं शिक्षण, आणि 'ग्रॅज्युएट सर्टिफिकेट' म्हणजे पदवीनंतरचा छोटा अभ्यासक्रम. साधारणपणे चार ते सहा विषय आणि १२ ते १८ क्रेडिट. ही एम.ए. नव्हे, आणि नुसत्या या सर्टिफिकेटवर नेट या प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेला बसता येत नाही. प्राध्यापक व्हायचं स्वप्न असेल तर एम.ए. वेगळं करावंच लागेल. काही विद्यापीठं हे क्रेडिट पुढे एम.ए.मध्ये धरतात, काही धरत नाहीत. प्रवेश घेण्याआधी ईमेल करून लेखी उत्तर मागवा. फोनवर मिळालेलं "हो, बहुतेक होईल" कामाचं नाही.

दुसरा घोटाळा आपल्या स्वतःच्या नावाचा. गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात असतं, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या बाईची तर तीन कागदांवर तीन नावं निघतात. माझा अर्ज यापायीच पाच आठवडे अडकला. 'या सगळ्या नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच जोडा, त्यांनी मागेपर्यंत थांबू नका. विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा, मिळायला आपण धरतो त्याच्या दुप्पट वेळ लागतो, म्हणून ती सगळ्यात आधी मागवा.

वेळापत्रकाबद्दल एवढंच सांगते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सहाला सुरू होणारा वर्ग उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेतीनला असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं मागे जातात आणि तोच वर्ग आपल्या साडेचारला येतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत साडेतीन. हे लक्षात न राहिल्याने लोकांची तोंडी परीक्षा चुकल्याचं मी पाहिलंय. निबंधाची शेवटची तारीखही त्यांच्याच मध्यरात्रीची असते.

"मला पाच भाषा येतात"

प्रवेशासाठी एक-दोन पानांचं उद्देशपत्र लिहावं लागतं. माझ्याकडे आलेल्या बहुतेक पत्रांची सुरुवात "मला लहानपणापासून भाषांची आवड आहे, मला मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी आणि थोडी संस्कृत येते" अशीच होती. भाषा बोलता येणं वेगळं आणि भाषाविज्ञान वेगळं. भाषा कशी घडलेली आहे, हा भाषाविज्ञानाचा प्रश्न. पाच भाषा येणाऱ्याला कदाचित त्यातलं एकही उत्तर ठाऊक नसेल.

माझ्या मावसबहिणीचं पत्र आम्ही तीनदा लिहिलं. तिसऱ्या खेपेला ते एकाच प्रश्नावर उभं राहिलं, आणि तो प्रश्न तिच्या स्वयंपाकघरातला होता. मराठीत आपण 'मी भाकरी खाते' म्हणतो आणि 'मी भाकरी खाल्ली' म्हणतो. 'मी' तसाच राहतो. गुजरातीत मात्र 'हुं रोटलो खाउं छुं' असं म्हणणारी तीच बाई भूतकाळात 'में रोटलो खाधो' म्हणते, 'हुं'चा 'में' होतो. दोन्हीकडे क्रियापद मात्र खाणाऱ्याकडे न बघता खाल्लेल्या वस्तूकडे बघतं. भाकरी स्त्रीलिंगी म्हणून 'खाल्ली', रोटलो पुल्लिंगी म्हणून 'खाधो'. मग कर्त्याचं रूप एका भाषेने बदललं आणि दुसरीने का नाही? हा प्रश्न पडलेल्या मुलीला प्रवेश मिळाला.

लिपीला ध्वनी समजणं

हा पहिल्याच महिन्यातला अडथळा. लिहिलेलं अक्षर म्हणजेच ध्वनी, असं आपल्या मनात शाळेपासून पक्कं बसलेलं असतं. 'जगात जगायचं' एवढं मोठ्याने म्हणून बघा. पहिल्या 'ज'ला जीभ टाळूकडे जाते, दुसऱ्याला दातांकडे. अक्षर एक, ध्वनी दोन, आणि त्या फरकाने अर्थच बदलतो. 'चार' आणि 'चारा'मध्येही तेच. पहिल्या गृहपाठात मी सगळे 'च' आणि सगळे 'ज' एकाच खुणेने लिहिले आणि निम्मे गुण गमावले.

यावर उपाय एकच आहे: कानाने लिहायचं. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा, म्हणजे प्रत्येक ध्वनीला वेगळी खूण देणाऱ्या लिपीचा, तक्ता पाठ करण्यापेक्षा रोज घरातली दहा वाक्यं ध्वनिमुद्रित करून ती उतरवा. दोन महिन्यांत कान तयार होतो. घोकंपट्टीने तो तयार होत नाही.

प्रत्ययांचंही तसंच. 'ने' दिसला की मराठी माणूस लगेच त्याला कर्त्याचा प्रत्यय मानतो. 'आईने मुलीला बोलावलं' हे वाक्य गुजरातीत 'बाए छोकरीने बोलावी' असं होतं. इथला 'ने' मुलीला लागलाय, आईला नाही. आणि आणखी एक गोष्ट बघा. मराठीत 'ला' लागताच क्रियापदाने मुलीशी नातं तोडलं आणि ते नपुंसकलिंगी 'बोलावलं' झालं. गुजरातीत 'ने' लागूनही क्रियापद मुलीलाच धरून आहे, म्हणून 'बोलावी'. ही दोन वाक्यं समोरासमोर ठेवली की एका तासाचा पाठ होतो, आणि आपल्याकडे ती जन्मापासून आहेत.

मुळातली चूक: घरची भाषा धुऊन काढणं

आता ती मोठी चूक. आपण वडोदऱ्याचे मराठी लोक सुट्टीत पुण्याला गेलो की कोणीतरी हमखास म्हणतं, "तुमचं मराठी जरा गुजराती वळणाचंय." हे ऐकत आपण मोठे होतो, आणि मग वहीत, अर्जात, निबंधात आपलं मराठी आधी स्वच्छ करून घेतो. अभ्यासक्रमात बोलीचा नमुना मागितला, तर आपण पाठ्यपुस्तकातलं मराठी देतो.

मीही तेच केलं. क्षेत्रकार्यासाठी मी माझ्या आत्याचं बोलणं मुद्रित केलं. ती ७८ वर्षांची, जन्म वडोदऱ्याच्या वाडी भागातला, वाढही तिथलीच. झोपाळ्याला ती हिंचका म्हणते, आणि वाक्याच्या शेवटी 'हो ना' म्हणण्याऐवजी 'हो ने' म्हणते. "आज काय शाक केलंस?" हा तिचा रोजचा प्रश्न. मी तो उतरवताना 'शाक'च्या जागी 'भाजी' लिहिलं, 'हिंचका'च्या जागी 'झोपाळा'. ती चुकीचं बोलते असं मला वाटत नव्हतं. तिच्याकडे परदेशात कोणी कमीपणाने बघू नये एवढंच वाटत होतं. आमच्या शिक्षिकेने ध्वनिफीत ऐकली, माझा कागद वाचला आणि समासात एकच ओळ लिहिली: बोलणाऱ्या बाई हे बोलल्या आहेत का?

मी ध्वनिफीत पुन्हा पहिल्यापासून ऐकली, या वेळी काहीही न सुधारता उतरवली. तेव्हा दिसलं की आत्या सगळीकडे 'शाक' म्हणतच नाही. रोजच्या जेवणात शाक. पण गौरीच्या नैवेद्याचं सांगताना भाजी. श्राद्धाच्या पानाचं सांगताना भाजी. तासाभराच्या बोलण्यात एकदाही अदलाबदल नाही. दोन भाषांतले शब्द तिने दोन कामांना वाटून दिले होते, आणि मी ती वाटणीच पुसून टाकली होती. माझा शेवटचा प्रबंध त्यावर झाला.

म्हणून सांगते: बोलीचा नमुना उतरवताना एक अक्षरही सुधारू नका. अडखळणं, अर्धवट सोडलेलं वाक्य, मध्येच आलेली गुजराती, सगळं तसंच लिहा. शुद्ध-अशुद्ध हा शब्द काही महिने डोक्यातून काढून टाका. आणि ज्याचं बोलणं मुद्रित करताय त्याची परवानगी आधी घ्या, तीही ध्वनिफितीतच. आत्याही परवानगी देते किंवा नाकारते, घरची म्हणून तिला गृहीत धरायचं नाही.

या बाबतीत आपलं शहर भाग्यवान आहे. गणेश देवींनी १९९६ साली इथेच भाषा संशोधन-प्रकाशन केंद्र सुरू केलं आणि छोटाउदेपूर भागातल्या तेजगढला आदिवासी अकादमी उभी राहिली. राठवा या आदिवासी समाजाची बोली तिथे अभ्यासाचा आणि अभिमानाचा विषय आहे. एकदा तिथे जाऊन या. आपल्या बोलीची लाज वाटणं तिथून परत येताना बरंच कमी झालेलं असतं.

तुलना म्हणजे साम्यांची यादी नव्हे

तौलनिक साहित्यातली सर्रास होणारी चूक म्हणजे दोन कृती शेजारी ठेवायच्या, डावीकडे साम्य, उजवीकडे भेद, आणि खाली 'दोन्ही कवी थोर आहेत'. हा निबंध शाळेतला आहे.

आपल्याच शहराचं उदाहरण घ्या. सतराव्या शतकातला गुजराती कवी प्रेमानंद वडोदऱ्याचा. त्याने नळाख्यान लिहिलं. त्याच शतकात मराठीत रघुनाथ पंडितांनी नल-दमयंतीचं आख्यान रचलं. दोन्हीकडे हंस आहे, एवढं दाखवून थांबलात तर काहीच हाती लागत नाही. विचारायचं असं: रघुनाथ पंडित संस्कृत वृत्तांत, स्वयंवराभोवती का रमतात? प्रेमानंद कडव्यांमागून कडवी गात दमयंतीला वनात उपाशी का फिरवतो? महाभारतात नळाचं वस्त्र पक्षी उडवून नेतात. प्रेमानंदाकडे त्याशिवाय मेलेले मासे दमयंतीच्या हातातल्या अमृताने जिवंत होऊन पळतात, आणि भुकेलेला नळ तिच्यावरच खाल्ल्याचा आळ घेतो. नवरा-बायकोचं हे भांडण चौकात माण (तांब्याचा घडा) वाजवून गाणाऱ्याचं आख्यान ऐकायला बसलेल्या लोकांसाठी आहे. श्रोता कोण, हे धरलं की तुलना आपोआप पुढे सरकते.

'प्रभाव' हा शब्द जपून वापरा. एका कवीने दुसऱ्याचं वाचलं होतं याचा पुरावा नसेल, तर दोघांमागचा समान स्रोत शोधा. आणि गुजराती वाचता येत असताना इंग्रजी अनुवादावरून प्रेमानंदावर लिहू नका. लिपी अडत असेल तर आठ दिवसांत येते, देवनागरीची शिरोरेघ काढली की निम्मी अक्षरं ओळखीची होतात. कुठली संपादित प्रत वापरली तेही लिहा. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात इथल्याच प्राच्यविद्या मंदिराने सिद्ध केली. पाठभेद, म्हणजे वेगवेगळ्या हस्तलिखितांतले शब्दांचे फरक, नोंदवणं म्हणजे काय, हे तिचं एखादं पान उघडून, तळटीपांसकट पाहिलं की समजतं.

काम अडलं तर

ध्वनिचित्रात, म्हणजे आवाजाच्या आलेखात, सगळं धूसर दिसतंय? व्हॉट्सॲपवर आलेला आवाज वापरला असेल. तो दाबून छोटा केलेला असतो. फोनमध्येच वेव्ह स्वरूपात, सेकंदाला ४४,१०० नमुने या दराने मुद्रण करा आणि ती फाइल केबलने काढा. 'प्राट' हे विश्लेषणाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

सबमिट केलेल्या निबंधातलं मराठी तिकडे कचऱ्यासारखं दिसतंय? जुन्या, युनिकोडमध्ये नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलंय. युनिकोडमध्ये पुन्हा लिहा, आणि ध्वनिलिपीच्या खुणांसाठी चॅरिस किंवा डुलोस हे मोफत फॉन्ट घ्या. पीडीएफ करताना फॉन्ट आत बसवलाय ना, ते तपासा.

मुद्रणात सतत घूं आवाज येतोय? पंखा. मे महिन्यात वडोदऱ्यात कोणालाही पंखा बंद करा म्हणणं जिवावर येतं, तरी म्हणावंच लागतं. मी आत्याकडे पहाटे साडेपाचला जायचे. ती तोवर चहा घेऊन हिंचक्यावर बसलेली असायची. हिंचक्याच्या कड्या करकरायच्या, म्हणून तिला खुर्चीवर बसवलं, तर ती बोलेचना. शेवटी कड्यांना तेल दिलं आणि तिला परत हिंचक्यावर बसवलं.