प्रवाळ बेटापाशी यॉट थांबवताना या चुका टाळा

खडकवासल्याच्या पाण्यावर शीड हाताळायला शिकलेले आमच्या ओळखीतले काहीजण आता सेशेल्सला, थायलंडला यॉट भाड्याने घेऊन जातात. निघण्याआधी नकाशे घेऊन ते माझ्याकडे बसतात. वारा कसा पकडायचा, शीड कधी आवळायचं, यात त्यांना कुणी शिकवायला नको. अडचण येते ती बेटापाशी थांबताना. धरणाच्या पाण्याला भरती-ओहोटी नाही, तळाशी गाळ, आणि संध्याकाळी बोट काठावर ओढून सिंहगड रस्त्याने घरी. नांगर टाकून रात्र काढायची सवयच लागत नाही. प्रवाळ बेटावरच्या बऱ्याच चुकांचं मूळ इथे आहे.

उशिरा पोहोचणं

ही सगळ्यात महाग पडते. दुपार पोहण्यात जाते आणि बेटापाशी येईपर्यंत साडेपाच वाजतात. विषुववृत्ताजवळ सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत मिट्ट काळोख होतो. त्याच्या बऱ्याच आधी पाण्याचा रंग कळेनासा होतो, आणि प्रवाळात रंग हाच खरा नकाशा. गडद निळं म्हणजे खोल, फिकट निळसर-हिरवं म्हणजे उथळ वाळू, तपकिरी किंवा पिवळसर म्हणजे वर आलेलं प्रवाळ. हे वाचायला ऊन वरून आणि पाठीमागून हवं, साधारण दहा ते तीनच्या दरम्यान. वाट पश्चिमेकडे जात असेल तर सकाळी शिरा, पूर्वेकडे जात असेल तर दुपारी. पोलराइज्ड गॉगल लावून एकाने नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभं राहायचं. डावीकडे, उजवीकडे, थांबा, या खुणा आधीच ठरवून घ्या, इंजिनाच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत. सूर्यावर ढग आला तर बोट थांबवा, कारण ढगाची सावली आणि प्रवाळ सारखंच दिसतं.

उशीर झालाच, तर आत शिरू नका. बाहेर खोल पाण्यात, पाळ्या लावून रात्र काढा.

स्क्रीनवर भिस्त ठेवणं

२०१४च्या नोव्हेंबरमध्ये जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली ‘टीम वेस्टास विंड’ ही बोट मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराजोसच्या प्रवाळावर रात्री आदळली. नऊही जण वाचले. बोटीवर कसलेले खलाशी होते आणि उत्तम उपकरणंही. पण इलेक्ट्रॉनिक नकाशा दूरवरून पाहिला, की त्यातले बारीक खडक गळतात, आणि वाट आखताना तो पुरेसा मोठा करून पाहिला गेला नव्हता. म्हणून निघण्याआधी अख्खी वाट बोटाने मोठी करत, एकेक मैल पाहून घ्या. शेजारी उपग्रहाचं छायाचित्र ठेवा. दूरच्या बेटांचे काही नकाशे फार जुन्या सर्वेक्षणांवरून केलेले असतात, त्यामुळे जीपीएसवरची बोट आणि प्रत्यक्षातली जागा यांत फरक पडू शकतो. आत शिरलेला मार्ग जीपीएसवर जतन करा. रात्री वादळी वारा सुटला तर बाहेर पडायची खात्रीची वाट तीच.

प्रवाळावर नांगर

सेशेल्समध्ये प्रालँ बेटाजवळ आम्हीच ही चूक केली. खाली वाळू दिसली, नांगर टाकला, साखळी सोडली आणि जेवायला बसलो. रात्री दोनला वारा फिरला. बोटीच्या तळातून जात्याची घरघर यावी तसा आवाज यायला लागला, थांबून थांबून. सकाळी मास्क लावून पाण्यात उतरलो. नांगर वाळूतच होता, पण साखळीने अर्ध्या वाटेवरच्या एका घुमटासारख्या प्रवाळाला वेढा घातला होता. छातीएवढा उंच घुमट. साखळी घासली गेली तिथे हाताच्या रुंदीचा पांढराफटक पट्टा. अशा जातीचं प्रवाळ वर्षाला फार तर सेंटीमीटरभर वाढतं, म्हणजे तो घुमट शंभर वर्षांहून जुना. तो पट्टा मला आजही दिसतो.

म्हणून नांगराखालीच नव्हे, तर साखळी जिथवर लोळेल त्या सगळ्या वर्तुळात वाळू हवी. हिशोब असा: खोली सहा मीटर, भरतीला आणखी एक चढणार, नाळ पाण्याच्या एक मीटर वर, एकूण आठ. त्याच्या पाचपट, म्हणजे चाळीस मीटर साखळी, वारा वाढला तर त्याहून जास्त. तेवढी मोकळी वाळू नसेल तर दुसरी जागा बघा, किंवा बोट बांधायचा तरंगता बोया असेल तर तोच घ्या. मग इंजिनावर बोट हळूहळू मागे घेऊन नांगर रुतवा, आणि पोहत जाऊन तो डोळ्यांनी पाहा.

तिथी न बघणं

कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात अमावस्या-पौर्णिमा असतेच, तिच्या आगेमागे उधाण. उधाणाच्या ऐन भरतीला बोट प्रवाळावर टेकली तर पुढच्या भरत्या चढतच नाहीत तेवढ्या, आणि सुटायला पंधरवडा लागू शकतो. पाणी चढत असताना, भरती अर्धी झाल्यावर शिरा. छोटी होडी काठावर सोडून फिरायला जाताना ओहोटीचाही विचार करा.

किनाऱ्यावर: जाड तळाचे बूट घाला, प्रवाळावर उभे राहू नका. सुंदर दिसणारा जिवंत शंकू-शिंपला उचलू नका, त्याचा दंश जीवघेणा असू शकतो. प्रवाळातले मोठे शिकारी मासे पकडून खाऊ नका, त्यातलं सिग्वाटेराचं विष शिजवूनही जात नाही. प्रवाळाने खरचटलं तर लगेच साबण आणि गोड्या पाण्याने धुवा, फार लवकर चिघळतं. लक्षद्वीपला जाणार असाल तर परवाना आधी काढा. प्रवाळाचा तुकडा आणणं १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

साखळी अडकलीच तर

विंचने, म्हणजे साखळी गुंडाळायच्या यंत्राने, ओढू नका. त्याने प्रवाळ तुटतं, नाहीतर विंच. एकजण मास्क लावून पाण्यावर तरंगत राहील आणि साखळीचा वेढा कुठल्या दिशेने आहे ते हाताने दाखवेल. इंजिन चालू असताना त्याने बोटीच्या मागच्या बाजूला फिरकायचं नाही. थोडी साखळी सैल सोडा आणि बोट अगदी सावकाश वेढ्याच्या उलट दिशेने फिरवा. आम्हाला चाळीस मिनिटं लागली. पुढच्या थांब्यापासून आम्ही साखळीला मध्ये मध्ये लहान बोये बांधायला लागलो, म्हणजे ती तळावर न लोळता पाण्यात उचललेली राहते.