ग्लॅडिओलसच्या प्लॉटमध्ये भलत्याच रंगाचं फूल दिसलं तर

सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेला ग्लॅडिओलस डिसेंबर-जानेवारीत तोडणीला येतो आणि याच दिवसांत शेतकऱ्यांचे प्रश्न सुरू होतात. पांढऱ्याच्या वाफ्यात लाल दांडा कसा आला? गुलाबी फुलावर फिके फटकारे कशाने पडले? दुकानदाराने फसवलं की वाणच बिघडला? प्रत्येकाचं कारण वेगळं असतं, पण जे करायचं ते फूल झाडावर असतानाच करायला हवं. कंद एकदा काढून ढिगात पडले, की कुठला कोणत्या रंगाचा होता हे नुसतं बघून खात्रीने सांगता येत नाही.

म्हणून या आठवड्यात रंगीत रिबिनी किंवा कापडाच्या चिंध्या घेऊन प्लॉट फिरा. तोडणीला येणाऱ्या बायकांनाही दोन रंगांच्या चिंध्या देऊन ठेवा. वेगळं फूल सगळ्यात आधी त्यांच्याच नजरेला पडतं, पण त्यांना कोणी सांगून ठेवलेलं नसतं. निखळ वेगळ्या रंगाच्या फुलाला एक चिंधी, डागाळलेल्या किंवा वेड्यावाकड्या फुलाला दुसरी. चिंधी दांड्याला नको, तो कापला जाणार; खालच्या पानांना बांधा किंवा झाडाशेजारी काठी रोवून तिला बांधा.

यात एक अडचण आहे. लांबच्या बाजारासाठी खालच्या पहिल्या एक-दोन कळ्यांना रंग दिसला, की आपण दांडा कापतो. त्या अवस्थेत लाल-पांढरं कळतं, पण पाकळीवरचे फटकारे कळत नाहीत. रोगट झाडाचा दांडा जुडीत निघून जातो आणि त्याचा कंद मात्र पुढच्या हंगामाला आपल्याकडेच राहतो. तेव्हा ज्या भागातले कंद बेण्याला ठेवायचे, तो भाग आधीच ठरवा. तिथले दांडे दोन-तीन फुलं पुरती उमलेपर्यंत उभे ठेवा आणि ती फुलं जवळच्या बाजारात द्या. दर थोडा कमी मिळेल, पण बेणं पारखून घेता येईल.

आता कारणांकडे येऊ. पूर्ण दांडा एकसारख्या वेगळ्या रंगाचा, पानं हिरवीगार आणि झाड जोमदार असेल, तर ती बहुतेक वेळा सरमिसळ असते. बेण्यातच दुसऱ्या वाणाचे कंद आलेले असतात किंवा मागच्या पिकाचे राहिलेले छोटे कंद उगवलेले असतात. झाड ओळ सोडून उगवलंय का, इतरांच्या मागेपुढे फुललंय का, हे पाहा. तसं असेल तर ते मागच्या पिकाचं असण्याची शक्यता जास्त. छोट्या कंदांचं कवच टणक असतं. काढणीत मातीत राहिलेले कंद पुढच्या पावसानंतरही उगवतात, आणि वाढायला हंगाम-दोन हंगाम घेऊन मगच फूल दाखवतात.

'दोन वर्षं गुलाबी होता, तिसऱ्या वर्षी सगळा लाल झाला' असंही सांगितलं जातं. गुलाबीचा लाल झालेला नसतो. हंगाम संपताना एक झाड हलकेच उपटून पाहा. खाली लावलेला जुना कंद सुकून चपटा झालेला दिसेल, त्याच्या माथ्यावर नवा भरलेला कंद आणि दोघांच्या मध्ये ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढ्या छोट्या कंदांचा घोस. म्हणजे दरवर्षी जुना कंद संपतो आणि नवे तयार होतात. काही वाण हे छोटे कंद भरपूर देतात, काही मोजकेच, आणि नाजूक वाण मर रोगाला लवकर बळी पडतात. सरमिसळीत जोमदार वाण वाढत जातो, नाजूक वाण संपत जातो आणि आपल्याला वाटतं रंग पालटला. शेजारच्या वाफ्यातले परागकण लागूनही रंग बदलत नाही. परागीभवनाचा परिणाम बियांतून येणाऱ्या रोपांत दिसतो, त्याच झाडाच्या पाकळीत नाही. ग्लॅडिओलस आयरिसच्याच कुळातला. ज्यांच्या बागेत आयरिसची बेटं आहेत त्यांच्याकडेही हेच घडतं. बोंडं पिकून बी तिथेच पडतं, रोपं बेटातच वाढतात आणि एक दिवस जांभळ्यात पिवळं फूल दिसतं.

डागाळलेल्या फुलाबाबत मात्र हयगय नको. पाकळीवर फिकट किंवा गडद रेघा, शिंतोडे, कडा आकसलेल्या, आणि पान उजेडासमोर धरलं तर फिकट-गर्द हिरव्याचे तुकडे, अशी लक्षणं असतील तर तो विषाणू समजा. ग्लॅडिओलसवर घेवड्याचा पिवळा मोझॅक आणि काकडीचा मोझॅक हे दोन विषाणू येतात. मावा ते पसरवतो आणि कंदातून ते पुढच्या हंगामात जातात. यावर कुठलीही फवारणी चालत नाही. फूल दिसायला सुंदर असतं, कधीकधी गिऱ्हाइकाला आवडतंही, तरी असं झाड छोट्या कंदांसकट खणून प्लॉटबाहेर नेऊन नष्ट करा. बांधावर टाकू नका. मावा आटोक्यात ठेवा. शेजारी घेवडा, वाटाणा, काकडी लावू नका. संशयित वाफ्याची तोडणी सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या चाकूने करा.

फुलकिड्यांच्या खुणा विषाणूसारख्या वाटतात, पण फरक बोटांना कळतो. विषाणूची पाकळी टवटवीत असते, बदल फक्त रंगात असतो. फुलकिड्यांनी खरवडलेली पाकळी आणि कळीवरचं आवरण रुपेरी-तपकिरी, कोरडं, कागदासारखं होतं आणि कळ्या धड उमलत नाहीत. कळी पांढऱ्या कागदावर झटका, बारीक काळपट किडे पळताना दिसतील. निळे चिकट सापळे लावा आणि औषध कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीतलंच घ्या. फुलकिडे साठवणीतल्या कंदांवरही जगतात, हे ध्यानात ठेवा.

कडाक्याच्या थंडीत रंग गडद येतो, मार्चच्या उन्हात उतरतो. त्यावर काही करायला नको. तोडलेले दांडे आडवे ठेवले तर शेंडे वर वळतात, म्हणून ते उभेच ठेवायचे. पण दांडा शेतातच वाकडा निघत असेल आणि सोबत पानं पिवळी पडत असतील, तर कंद उपटून बुडाशी तपकिरी कूज आहे का ते पाहा. असेल तर ती मर आहे, त्या जागेवर लगेच पुन्हा ग्लॅडिओलस नको.

आणि क्वचित कधी खरोखर नवं काही हाती लागतं. झाड निरोगी, पानं स्वच्छ, आणि फूल त्याच वाणाच्या ठेवणीचं पण रंग वेगळा, तर ते उत्परिवर्तन, म्हणजे झाडाच्या आनुवंशिक गुणांतच झालेला बदल, असू शकतं. हे उपटून फेकायची घाई करू नका. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने 'वाइल्ड रोझ' या वाणावर गॅमा किरणांचा प्रयोग करून 'शोभा' हा वाण असाच रंग बदलून मिळवला. निसर्गातही असा बदल आपोआप होतो. अर्धं फूल एका रंगाचं आणि अर्धं दुसऱ्या, असं असेल तर ते टिकेलच असं नाही. कंद आणि त्याचे छोटे कंद वेगळ्या पिशवीत ठेवा, फोटो काढा, आणि दोन-तीन हंगाम स्वतंत्र ओळीत लावून रंग कायम राहतो का ते बघा. राहिला, तर पुण्यात महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या गणेशखिंडच्या संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांना दाखवा. 'फुले गणेश', 'फुले नीलरेखा' हे ग्लॅडिओलसचे वाण याच विद्यापीठाचे आहेत.

फुलं काढताना झाडावर चार-पाच पानं ठेवा, त्यांच्यावरच नवा कंद पोसतो. तोडणीनंतर दीड-दोन महिन्यांनी पानं पिवळी पडू लागली, की काढणी करा. आधी चिंधी बांधलेली झाडं खणा आणि ती वाफ्याबाहेर गेल्यावरच बाकीची. छोटे कंद मातीत राहू नयेत म्हणून माती हाताने फोडून पाहा. कंद सावलीत सुकवा, कॅप्टन या बुरशीनाशकाच्या 0.2 टक्के द्रावणात (10 लिटर पाण्याला 20 ग्रॅम) अर्धा तास बुडवा आणि पुन्हा सुकवून वाणाचं नाव लिहिलेल्या जाळीच्या पिशव्यांतून शीतगृहात पाठवा. चिठ्ठी पिशवीच्या आतही टाका, कारण बाहेरची बऱ्याचदा गळून पडते.