साध्या कॉन्फिगरेशन फाइलचा पार्सर कसा लिहावा

प्रोग्राम कोणत्या पोर्टवर चालावा, लॉग कोणत्या फोल्डरमध्ये लिहावेत, सर्व्हरशी जोडणी तुटल्यास किती सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करावा, या गोष्टी कोडबाहेर एका मजकूर फाइलीत ठेवल्या की त्या बदलण्यासाठी कोडला हात लावावा लागत नाही. ही फाइल माणूस हाताने लिहितो. त्यामुळे तिच्यात चुका असणारच, हे गृहीत धरून पार्सर, म्हणजे ती फाइल वाचून तिचा अर्थ लावणारा कोड, लिहावा. चुकीची ओळ गुपचूप गिळून पुढे जाणारा पार्सर मी सदोषच मानतो.

कोडला हात घालण्यापूर्वी नियम लिहून काढावेत. साध्या फाइलीत ओळीचे चारच प्रकार पुरतात: रिकामी ओळ, # किंवा ; ने सुरू होणारी टिप्पणी, चौकटी कंसातले विभागाचे नाव, आणि ‘पोर्ट = ८०८०’ अशी नाव व मूल्याची जोडी. यांपैकी कशातही न बसणारी ओळ ही चूक समजावी.

फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ आहे, हे स्पष्टपणे सांगावे, कारण ते न सांगितल्यास तीच फाइल एका संगणकावर नीट वाचली जाते आणि दुसऱ्यावर बिघडते. काही एडिटर फाइलीच्या आरंभी बाइट ऑर्डर मार्क हे तीन बाइटचे चिन्ह घालतात. ते डोळ्यांना दिसत नाही, पण पहिल्या नावाला चिकटते. एकदा पहिल्याच ओळीतले नाव प्रोग्रामला सापडत नव्हते आणि स्पेलिंग पुन्हा पुन्हा तपासण्यात माझे काही तास गेले. शेवटी फाइल बाइटनिहाय पाहिली तेव्हा हे चिन्ह दिसले. वाचतानाच ते काढून टाकावे.

यानंतर प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांची मोकळी जागा छाटून ती फक्त पहिल्या = चिन्हापाशी तोडावी. ‘दुवा = शोध?पान=३’ या ओळीत दुसरे = हे मूल्याचाच भाग आहे; सगळीकडे तोडल्यास ‘शोध?पान’ एवढेच हाती लागते. ओळीच्या मधोमध आलेल्या # चेही असेच आहे. पासवर्ड ‘चंद्र#४२’ असेल आणि पार्सर # पासून पुढचे टिप्पणी म्हणून कापत असेल, तर लॉगिन फसते आणि दोष मात्र सर्व्हरवर ढकलला जातो. म्हणून ओळीच्या आरंभी असेल तेव्हाच # ला टिप्पणी मानावे. पायथॉन ३ या भाषेसोबत येणारा तयार पार्सर, कॉन्फिगपार्सर, हाही मुळात असेच वागतो. मात्र तो जोडीतल्या नावाची मोठी इंग्रजी अक्षरे लहान (लोअरकेस) करतो, हे ध्यानात ठेवावे.

फाइलीतून येणारे प्रत्येक मूल्य आधी निव्वळ मजकूर असते, आणि सर्वांत फसव्या चुका त्याचे रूपांतर करताना होतात. पायथॉनमध्ये ‘फॉल्स’ (असत्य) हा मजकूर थेट बूल या सत्य-असत्य प्रकारात बदलला, तर उत्तर ट्रू (सत्य) येते, कारण रिकामा नसलेला कोणताही मजकूर तिथे सत्य ठरतो. होकार-नकारासाठी मान्य शब्दांची ठरावीक यादी ठेवावी आणि तिच्याबाहेरचा शब्द नाकारावा. पोर्टसारख्या आकड्याची मर्यादाही इथेच तपासावी.

एकच नाव त्याच विभागात दोनदा आले, किंवा प्रोग्रामला ठाऊक नसलेले नाव आले, तर तेही कळवावे. एखाद्याने ‘टाइमआउट’ऐवजी ‘टाइमाउट’ लिहिले आणि पार्सरने निमूटपणे डिफॉल्ट मूल्य वापरले, तर आपली सेटिंग लागूच झालेली नाही, हे त्याला कळणार कसे? चूक कळवणारा संदेश असा असावा: ‘ओळ १७: पोर्टसाठी १ ते ६५५३५ मधला पूर्णांक हवा, ८०८०अ मिळाले.’ पहिल्या चुकीवर थांबण्यापेक्षा सगळ्या चुका गोळा करून एकदम दाखवाव्यात, म्हणजे फाइल दुरुस्त करणाऱ्याला प्रत्येक चुकीसाठी प्रोग्राम नव्याने सुरू करावा लागत नाही.

याद्या किंवा विभागात विभाग लागू लागले की स्वतःचा पार्सर बाजूला ठेवून जेसन, यामल किंवा टॉमल यांसारखे फाइल लिहिण्याचे तयार स्वरूप घ्यावे. जेसनमध्ये टिप्पण्या लिहिता येत नाहीत, यामलच्या १.१ आवृत्तीत अवतरणाविना लिहिलेले ‘नो’ असत्य ठरते, मग ते नॉर्वेचे संक्षिप्त नाव का असेना. मला टॉमल अधिक सोयीचे वाटते, आणि पायथॉन ३.११ पासून ते वाचण्याची सोय मूळ लायब्ररीतच आहे.

प्रोग्राम चालू असतानाच फाइल पुन्हा वाचायची असल्यास चालू सेटिंग एकेक करून बदलू नयेत. नवी फाइल वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये पूर्ण वाचावी, तपासावी, आणि एकही चूक नसेल तरच जुन्या ऑब्जेक्टच्या जागी ती ठेवावी. चूक आढळल्यास जुन्या सेटिंगवरच काम चालू ठेवून ओळ क्रमांकासह लॉगमध्ये नोंद करावी.