बादलीतलं खत: वास का सुटतो आणि काय करायचं

भाजीच्या देठासालींत ऐंशी-नव्वद टक्के पाणीच असतं. ते बादलीत साचलं की हवा शिरत नाही, हवेवाचून जगणारे जिवाणू वाढतात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. हे पाणी शोषायला सुका पाला लागतो, त्यामुळे चिंता ओल्या कचऱ्याची नको, सुक्या पाल्याची हवी. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत दोन पोती पाला भरून ठेवा. पावसाळ्यात हवाच दमट, तेव्हा कोरडा पाला शोधून मिळत नाही. सुताराकडचा भुसाही चालतो, फक्त प्लायवूडचा नको, त्यात डिंक असतो.

रंगाची २० लिटरची रिकामी बादली धुऊन तळाला आणि कडेला ८ ते १० मिलिमीटरची भोकं पाडा. दोन विटांवर ठेवा, खाली ताटली. तळाशी तीन इंच नारळाच्या शेंड्या किंवा काटक्या, वर पाल्याचा थर.

कचरा निथळून, इंचभर चिरून टाका. एक वाटी कचऱ्याला दोन वाट्या चुरलेला पाला, नाहीतर एक वाटी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). विरजण म्हणून ओंजळभर जुनं खत. ते नसेल तर दोन चमचे आंबट ताक. वरचा थर कायम सुका, दोन इंचांचा. चिलटं तिथेच अडतात. दर तिसऱ्या दिवशी तळापासून हलवा.

ओल तपासायची तर मूठभर माल दाबा. बोटांतून पाणी गळलं तर जास्त ओला, हात नुसता ओलसर झाला तर बरोबर, मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी शिंपडा.

तरी वास आलाच, तर तो कसला ते आधी ओळखा. सडक्या अंड्याचा असेल तर सगळं वर्तमानपत्रावर ओता, तासभर हवा लागू द्या, पुठ्ठ्याचे तुकडे मिसळून परत भरा. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे हिरवा माल, म्हणजे भाजीचा ओला कचरा, जास्त झाला, पाला वाढवा. करड्या, जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या बहुधा ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात आणि कचरा झपाट्याने संपवतात.

मासळी, मटण, दूध, तेलकट उष्टं बादलीत नकोच.

बादली भरल्यावर दोनेक महिने थांबा, अधूनमधून हलवत राहा. काळपट, भुसभुशीत झालं की चाळा. कुंडीत तीन भाग मातीला एक भाग खत घाला. चाळणीवर उरलेले जाड तुकडे पुढच्या बादलीचं विरजण.