घरासाठी आणि गाडीसाठी स्वस्त टॉर्च घेताय? या चुका टाळा

ऐन वेळी टॉर्च पेटत नाही, तेव्हा दोष सहसा दिव्याचा नसतो. आजचे एलईडी सहजासहजी जळत नाहीत. दगा देतो तो सेल, नाहीतर सेल आणि दिवा यांच्या मधलं बटण. दुकानात मात्र सगळं लक्ष उजेडावर असतं. दुकानदार समोरच्या भिंतीवर झोत मारून दाखवतो, ऑनलाइन घ्यायला जावं तर ‘एक लाख ल्युमेन’ लिहिलेलं असतं, आणि दीडशे ते दीड हजाराच्या मधला कुठला तरी टॉर्च घरी येतो. तो कुठे राहणार, न वापरता किती महिने पडून राहणार आणि सेल संपला की नवा कुठे मिळणार, हे विचारायचं राहूनच जातं. माझं म्हणणं एवढंच, की खरेदी उलट्या क्रमाने करा. आधी सेल ठरवा, मग उजेड.

खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका

ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. गाडीच्या हेडलाइटमधला साधा एच४ हॅलोजन बल्ब लो बीमला साधारण १००० आणि हाय बीमला १६५० ल्युमेन देतो. त्यासाठी तो ५५ ते ६० वॅट वीज खातो. मग तळहाताएवढा टॉर्च एक लाख ल्युमेन देणार म्हणजे असे साठ हाय बीम एकट्याने पेटवणार. सोडून द्या.

सेलचा हिशेब केला की बाकीच्या थापाही उघड्या पडतात. चार्जिंगच्या चांगल्या टॉर्चमध्ये बहुधा १८६५० नावाचा लिथियम सेल असतो. नावातच माप आहे: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. ३००० मिलीअँपिअर-तासांचा असा सेल ३.७ व्होल्टने गुणला की साधारण ११ वॅट-तास ऊर्जा निघते. एलईडी आणि सर्किटचं नुकसान धरून एका वॅटला शंभरेक ल्युमेन पदरात पडतात. म्हणजे हजार ल्युमेनचा उजेड एका सेलवर तासभर, फार तर थोडा जास्त. ‘हजार ल्युमेन, सलग आठ तास’ असं लिहिलेलं असेल तर आत असे सात-आठ सेल हवेत.

सेलवर ‘९९०० एमएएच’ (म्हणजे मिलीअँपिअर-तास) छापलेलं दिसलं तर सरळ परत ठेवा. या मापाच्या बाजारातल्या नावाजलेल्या सेलची क्षमता ३५०० च्या आसपास असते. घरी आणल्यावर शंका आली तर स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. खरा १८६५० सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. तीस-पस्तीस ग्रॅम भरला तर आत माल कमी आहे. लिथियम सेलवर आयएस १६०४६ हे मानक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघता येतो.

जरा बऱ्या कंपन्या एएनएसआय एफएल१ या मानकाप्रमाणे आकडे देतात. ते खोटे नसतात, पण वाचायची रीत माहीत हवी. ‘चालण्याचा वेळ’ म्हणजे सुरुवातीच्या उजेडाच्या दहा टक्के उरेपर्यंतचा वेळ. म्हणून ‘२० तास’ लिहिलेल्या टॉर्चचे बरेच तास मिणमिणण्यात जाऊ शकतात. ‘झोताचं अंतर’ म्हणजे जिथे उजेड पाव लक्स, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उरतो तिथवरचं अंतर. २०० मीटर लिहिलं असेल तर वस्तू नीट ओळखू येण्याचं अंतर निम्मं किंवा त्याहूनही कमी धरा.

घरात लांब झोत काय कामाचा?

वीज गेल्यावर माजघरातून मोरीपर्यंत जायला दहा-वीस ल्युमेन पुरतात. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर पाचशे ल्युमेन आदळले तर पुढची काही मिनिटं काहीच दिसत नाही. डोळे पुन्हा पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं जातात. रात्री उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवा. घरच्या टॉर्चला मंद उजेडाची सोय हवी आणि बटण दाबल्यावर शक्यतो तीच आधी लागावी. पसरट उजेड हवा. बूड सपाट असेल तर टॉर्च टेबलावर उभा करून छताकडे झोत सोडता येतो आणि सगळ्या खोलीत उजेड होतो. पन्नास-शंभर ल्युमेनमध्ये जेवणं आरामात उरकतात.

अंगणात, गोठ्यात किंवा विहिरीकडे जायचं असेल तर शंभर-दोनशे ल्युमेन हवेत. पावसाळ्यात पायाखाली काय आहे ते दिसणं महत्त्वाचं, पलीकडच्या माडाचा शेंडा नव्हे. त्यामुळे तिथेही पसरट झोतच बरा.

पुढे-मागे सरकणाऱ्या भिंगाचा झूम टॉर्च सगळ्यांना आवडतो. पण भिंग पुढे ओढून झोत बारीक केला की बराचसा उजेड आतच अडतो. शिवाय सरकताना तो हवा आत-बाहेर करतो आणि हवेबरोबर ओल आत जाते. कोकणातल्या पावसाळ्यात त्याच्या काचेवर आतून धुकं साचलेलं दिसतं ते यामुळेच.

एकच चार्जिंगचा टॉर्च, बाकी काही नाही

ही चूक घरोघरी होते. रोज तासभर वीज जाते तिथे चार्जिंगचा टॉर्च उत्तमच, पण तो एकटा नको. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर आलं. त्यानंतर रायगडात आणि रत्नागिरीच्या उत्तर भागात कितीतरी गावं अनेक दिवस अंधारात होती. अशा वेळी चार्जिंगचा टॉर्च पहिल्या-दुसऱ्या रात्री संपतो. वाडीतल्या किराणा दुकानात पेन्सिल सेल मात्र मिळतो. म्हणून घरातला दुसरा टॉर्च साध्या सेलवर चालणारा असू द्या. तो एक किंवा दोन पेन्सिल सेलचा असावा. रिमोटचे तीन बारीक सेल प्लास्टिकच्या पिंजऱ्यात बसवायचे टॉर्च टाळा. पिंजऱ्यातला एक सेल उलटा बसला की सगळं ठप्प, आणि अंधारात चाचपडत अधिक-उणे बघणार कोण?

साधे सेल घेताना झिंक-कार्बन आणि अल्कलाइन यांतला फरक बघा. दहा-पंधरा रुपयांचा सेल बहुधा झिंक-कार्बनचा असतो. तो घड्याळाला ठीक, पण टॉर्चने जास्त करंट खेचला की लवकर बसतो. अल्कलाइन जास्त टिकतो. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. जुना आधी संपतो, नवा त्याच्यातून करंट रेटत राहतो आणि जुना फुटून गळतो.

भिंतीच्या प्लगवरचा टॉर्च

पाठीला दोन पिना असलेला, थेट भिंतीच्या प्लगमध्ये खोचायचा टॉर्च अजूनही भरपूर विकला जातो. स्वस्त प्रकारांत आत ४ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते. गाडीच्या बॅटरीचंच हे छोटं भावंड, आणि खोडही तीच: रिकामी पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर चढतो आणि ती कायमची बसते. टॉर्च वापरून संपला की त्याच दिवशी चार्ज करा, आणि वापरला नाही तरी महिन्या-दोन महिन्यांनी एकदा लावा. गणपतीत वापरून संपलेला टॉर्च होळीला काढला तर तो पेटणार नाही, आणि त्यात कंपनीचा दोष नाही.

यातल्या स्वस्त मॉडेलांमध्ये दोन गोष्टी सांभाळायच्या. बऱ्याच टॉर्चमध्ये बॅटरी भरली की चार्जिंग आपोआप थांबत नाही. लाल दिवा फक्त वीज येत असल्याचं सांगतो, बॅटरी भरल्याचं नाही. खोक्यावर आठ-दहा तास लिहिले असतील तर तेवढेच ठेवा, दोन दिवस लावून ठेवू नका. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. आत ट्रान्सफॉर्मर नसतो, एका कपॅसिटरच्या आधारे २३० व्होल्टची वीज सरळ सर्किटमध्ये घेतलेली असते. त्यामुळे प्लगमध्ये असताना टॉर्च उघडणं, ओल्या हाताने धरणं किंवा बटण चाळवणं म्हणजे शॉकला आमंत्रण. घरात लहान मूल असेल तर हा प्रकार आणूच नका. यूएसबीवर चार्ज होणारा घ्या.

गाडी म्हणजे फिरती भट्टी

गाडीच्या टॉर्चचा खरा शत्रू ऊन. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश होतात. बंद काचांची गाडी उन्हात उभी असेल तर आतलं तापमान सहज साठच्या आसपास जातं आणि डॅशबोर्ड त्याहून तापतो. लिथियम-आयन सेल बहुधा ४५ अंशांपर्यंतच चार्ज करावेत असं उत्पादक सांगतात. उन्हात पडून राहिल्यावर ते लवकर म्हातारे होतात आणि हलक्या प्रतीचे फुगतात. अल्कलाइन गळतात. डॅशबोर्डवर टॉर्च ठेवणं म्हणूनच सगळ्यात वाईट.

मग ठेवायचा कुठे? पुढच्या सीटच्या पाठीच्या कप्प्यात किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये. डिकीत ऊन कमी लागतं, पण सामानाखाली गाडला गेलेला टॉर्च रात्री शोधायला दुसरा टॉर्च लागतो. सीटखाली मोकळा तर कधीच ठेवू नका. घाटात ब्रेक मारताना गोल टॉर्च गडगडत पेडलखाली जाऊ शकतो.

गाडीसाठी सगळ्यात भरवशाचा म्हणजे लिथियमचा एकदाच वापरायचा १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल. उणे ४० ते ६० अंशांपर्यंत चालण्यासाठीच तो बनवलेला असतो, वर्षानुवर्षं पडून राहतो आणि सहसा गळत नाही. तो महाग आहे, मान्य, पण गाडीला दोनच लागतात. तेवढे पैसे घालायचे नसतील तर अल्कलाइन सेल टॉर्चच्या बाहेर, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. एनेलूपसारखे चार्जिंगचे निकेल सेलही चालतील, मात्र लांबच्या प्रवासाआधी ते चार्जरवर लावा.

पंक्चर काढताना टॉर्च धरणार कोण?

जॅक लावायला आणि नट सोडवायला दोन्ही हात लागतात. टॉर्च दातात धरून पाना फिरवणारी माणसं ताम्हिणीपासून आंबोलीपर्यंत सगळीकडे दिसतात. गाडीसाठी एकच वस्तू घ्यायची असेल तर मी डोक्याला बांधायचा हेडलॅम्प सुचवेन. तीनशे ल्युमेनपर्यंतचा पुरतो. चुंबकाच्या बुडाचा टॉर्चही सोयीचा, पण घेण्याआधी आपल्या गाडीवर चुंबक कुठे चिकटतो ते बघा. बंपर प्लास्टिकचा असतो आणि काही गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनियमचं.

काच फोडायची हातोडी आणि पट्टा कापायचं पातं जोडलेले टॉर्च ‘सेफ्टी किट’ म्हणून विकतात. हातोडी बाजूच्या टफन्ड काचेवर चालते, पुढच्या लॅमिनेटेड काचेवर नाही. शिवाय ती हाताला येईल अशा जागी नसेल तर उपयोग शून्य. रस्त्यात गाडी बंद पडली तर मागून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत मारू नका. धोक्याचे दिवे लावा, परावर्तक त्रिकोण बराच मागे ठेवा आणि टॉर्च जमिनीकडे धरा. धुक्यात किंवा मुसळधार पावसात टॉर्च डोळ्यांजवळ धरला की थेंबांवरून उजेड परत डोळ्यांवर येतो. कमरेखाली धरला की बरंच दिसतं.

टॉर्च पेटत नाही? फेकण्याआधी एवढं बघा

आधी सेलची दिशा बघा. मग मागचं झाकण घट्ट करा. धातूच्या टॉर्चमध्ये करंट बहुधा बॉडीतूनच परत येतो, त्यामुळे झाकणाच्या आट्यांवर मळ बसला की टॉर्च लुकलुकतो. आटे आणि स्प्रिंगचं टोक कापसावर स्पिरिट घेऊन पुसा. झाकणाच्या आत बटण धरून ठेवणारी गोल चकती असते. ती सैल झाली असेल तर कात्रीची दोन टोकं तिच्या भोकांत घालून आवळा. कितीतरी ‘मेलेले’ टॉर्च एवढ्यावर जिवंत होतात.

तरीही पेटला नाही तर झाकण काढून सेलचं मागचं टोक आणि बॉडीची उघडी धातूची कड वायरीने क्षणभर जोडा. दिवा लागला तर फक्त बटण गेलंय. सेलवरचं आवरण फाटलेलं असेल तर हा प्रयोग करू नका आणि तो सेल वापरूही नका.

अल्कलाइन सेल गळून पांढरी भुकटी जमली असेल तर हातमोजे घालून कापसावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घ्या, पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पत्रा खाल्ला गेला नसेल तर टॉर्च चालतो. प्लगवरचा टॉर्च रात्रभर चार्ज करूनही दोन मिनिटांत विझत असेल तर बॅटरी बसली. ४ व्होल्टची नवी बॅटरी कुठलाही इलेक्ट्रिकवाला बसवून देतो, मात्र टॉर्चच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त मागत असेल तर नादी लागू नका.

न वापरताच चार्ज उतरत असेल तर बाजूचं इलेक्ट्रॉनिक बटण थोडा-थोडा करंट पीत असतं. मागचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवलं की बऱ्याच टॉर्चमध्ये हे थांबतं, आणि पिशवीत बटण दाबलं जाऊन तो आपोआप पेटतही नाही.

यूएसबी-सीचा स्वस्त टॉर्च नव्या मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होत नाही, ही तक्रार हल्ली वारंवार ऐकू येते. दोन्ही बाजूंना सी टोक असलेल्या केबलमधून वीज मागायला टॉर्चमध्ये दोन छोटे रेझिस्टर लागतात, आणि काही पैसे वाचवायला ते गाळलेले असतात. जुन्या चौकोनी टोकाची केबल आणि जुना चार्जर लावून बघा, बहुतेक वेळा चार्जिंग सुरू होतं. तसं करताना सेल फुगलेला दिसला किंवा टॉर्च हाताला चटका देण्याइतका तापला तर लगेच काढा आणि पुन्हा लावू नका. तो सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात नव्हे, ई-कचऱ्यात द्या.