मुंबईवरच्या डिस्टोपियन मालिकेसाठी करडी पात्रं आणि न टिकणारं प्रेम कसं लिहावं

डिस्टोपियन, म्हणजे बिघडलेल्या भविष्यातली, मालिका लिहायला घेतली की पहिला मोह होतो तो शहर उद्ध्वस्त करण्याचा. सी-लिंक तुटलेला, लोकल गंजलेल्या, आभाळात ड्रोन. हे सगळं आठ पानांत लिहून होतं आणि नवव्या पानावर हात थांबतो, कारण त्या ढिगाऱ्याने कुणालाच काही निवडायला लावलेलं नसतं. म्हणून सुरुवात एका नियमापासून करावी. पात्राचा करडेपणा, प्रेमाचा घात आणि मालिकेचा शेवट हे तिन्ही त्याच नियमातून निघाले पाहिजेत. तीन ठिकाणांहून तीन गोष्टी आणून शिवल्या की चौथ्या भागातच शिवण उसवते.

इथे 40 मिनिटांचे 8 भाग धरले आहेत, आणि एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे.

पहिली पायरी: एक नियम, आकड्यासकट

नियम एका वाक्यात मावावा, त्यात आकडा असावा आणि तो चाळीतल्या म्हाताऱ्या आजीलाही पाठ असावा. आपला नियम असा: माणशी दिवसाला 45 लिटर पाणी, नळ 40 मिनिटं. शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी मानक माणशी 135 लिटर आहे, त्याचा हा तिसरा हिस्सा. मुंबईच्या प्रेक्षकाला हे पटवावं लागत नाही. जूनमध्ये तलावांची पातळी घसरली की 10 टक्के कपातीची बातमी येते, हे त्याला माहीत आहे. पाणी ठरावीक वेळेलाच येतं, हेही तो रोज अनुभवतो. तुम्ही फक्त ती कपात कायमची करायची.

नियम वाजवी वाटणं फार महत्त्वाचं. नुसता दुष्ट नियम सगळ्यांना एकाच बाजूला उभं करतो, आणि सगळे एका बाजूला गेले की करडं काही उरत नाही. यासाठी मुंबईचाच इतिहास वाचावा. 1896 मध्ये मांडवीत प्लेग उघड झाला आणि 1897 च्या साथरोग कायद्याने सरकारला घरात शिरून तपासणी करण्याचे, आजाऱ्याला उचलून नेण्याचे अधिकार मिळाले. साथ खरी होती, माणसं खरोखर मरत होती. तरीही लोकांनी आपले आजारी लपवले. आजारी माणूस लपवणारं घर चुकीचं होतं की बरोबर, याला एका शब्दात उत्तर देता येत नाही. तुमच्या नियमालाही असंच उत्तर न देता येणारं घर हवं.

दुसरी पायरी: पात्राला बिजागरीवर उभं करा

मंत्री आणि बंडखोर नेता, ही दोन टोकं सोडा. नियम ज्याच्या हातून रोज अमलात येतो, तो माणूस घ्या. पाण्याच्या गोष्टीत तो चावीवाला. खड्ड्याचं झाकण काढून, लांब लोखंडी चावीने व्हॉल्व्ह फिरवून एका गल्लीचं पाणी बंद करायचं आणि पुढच्या लाइनला सोडायचं, हे त्याचं काम. पगार बेताचा, सत्ता मात्र चारशे माणसांच्या सकाळवर.

आपला दिगंबर स्वतःच्या चाळीची लाइन रोज सात मिनिटं उशिरा बंद करतो.

तिसरी पायरी: हिशेब मांडा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. करडं पात्र म्हणजे थोडा चांगुलपणा आणि थोडा वाईटपणा यांचं मिश्रण, असं समजून अनेक जण लिहितात: सकाळी कुत्र्याला बिस्कीट घालतो, रात्री लाच घेतो. त्याने रंग येत नाही, ठिपके येतात. करडेपणा तेव्हा येतो जेव्हा एकाच कृतीने कुणाचं तरी खरंच भलं होतं आणि त्याची किंमत दुसरंच कुणी मोजतं. म्हणून दोन्ही बाजूंचा आकडा काढायचा.

चार इंची पाइप, पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटर धरला तर मिनिटाला साधारण 470 लिटर जातात. 40 मिनिटांत 18,800 लिटर, म्हणजे माणशी 45 ने चारशेवर माणसांची चाळ. वरच्या सात मिनिटांत आणखी 3,300 लिटर, माणशी आठ लिटर. अर्धी बादली. ऐकायला कमी वाटतं, पण खालचे पिंप भरेपर्यंत वर पाणी चढत नसेल, तर ही सात मिनिटं म्हणजे अख्ख्या तिसऱ्या मजल्याचं पाणी. दिगंबरची आई तिसऱ्या मजल्यावर राहते, आणि तिच्यासोबत आणखी बारा बिऱ्हाडं.

आता दुसरी बाजू. पुढच्या लाइनवर डायलिसिस केंद्र आहे. मिनिटाला 500 मिली या नेहमीच्या वेगाने चार तासांच्या एका डायलिसिसला 120 लिटर शुद्ध द्रव लागतो. पाणी गाळताना जितकं मिळतं तितकंच वाया जातं असं धरलं, तर नळाचं पाणी 240 लिटर. 3,300 भागिले 240: पूर्ण तेरा रुग्ण.

एका तागडीत तेरा बिऱ्हाडं, दुसरीत तेरा रुग्ण. हा आकडा जुळला की पात्राबद्दल भाषण लिहावं लागत नाही. जुळला नाही, एका बाजूला शंभर आणि दुसऱ्या बाजूला एक असेल, तर प्रेक्षक पहिल्या भागातच निकाल देऊन मोकळा होतो.

नेहमी होणारी चूक म्हणजे पात्राला दुःखी बालपण देणं. बाप दारुडा होता म्हणून मुलगा असा, हे कारण सांगितलं की त्याची निवड काढून घेतली जाते. भूतकाळ दोन ओळींच्या वर नको.

हिशेब पडद्यावर असा उतरतो:

पहाट, 4:52. झाकण बाजूला. दिगंबर चावी व्हॉल्व्हच्या स्पिंडलवर बसवतो, पण फिरवत नाही. मनगटावरच्या घड्याळात 4:45. वर गॅलरीत हंड्याला हंडा लागल्याचा आवाज. मग आटे मोजायला लागतो, ओठांतल्या ओठांत. बाराव्या आट्याला पाइपातला घुमारा थांबतो. चावी उचलून तो दहा पावलांवरच्या दुसऱ्या झाकणाकडे जातो.

घड्याळ मुद्दाम सात मिनिटं मागे ठेवलंय, म्हणजे कुणी विचारलंच तर सांगायला कारण. तो दुसऱ्या झाकणाकडे का जातो, हे या सीनमध्ये सांगायचं नाही. पहिल्या भागात प्रेक्षकाने त्याला मनापासून दुवा द्यायला हवा.

चौथी पायरी: प्रेम त्याच पाइपाच्या दुसऱ्या टोकाला

प्रेयसी शत्रूची मुलगी, प्रियकर बंडखोर: ही अडचण बाहेरून लादलेली आहे. घरचे मानले, राजवट पडली, की ती संपते. न टिकणाऱ्या प्रेमाची अडचण दोघांच्या कामात असावी, जिथे दोघं जितके प्रामाणिक, तितके एकमेकांना महाग.

वैजयंती त्या डायलिसिस केंद्रात तंत्रज्ञ आहे. तिची आणि दिगंबरची पहिली भेट पाणीखात्याच्या चौकीत, तक्रारीसाठी.

"तुमच्याकडून पाणी उशिरा सुटतंय का?"

"वरूनच कमी येतंय, मॅडम."

ओळखीचं पहिलं वाक्य हेच खोटं. पुढचं सगळं प्रेम या वाक्यावर उभं राहणार, त्यामुळे वेगळा खलनायक लागत नाही.

तिलाही करडं करायला विसरू नका. ही चूक फार जणांकडून होते: पुरुष गुंतागुंतीचा, बाई निर्मळ. मग ती त्याचा आरसा होऊन बसते. वैजयंती पाणी पुरत नाही म्हणून रोज कुणाचा तरी चौथा तास कापते. कुणाचा? जो एकटा येतो, ज्याच्यासोबत आरडाओरडा करणारा नातेवाईक नसतो, त्याचा. वहीत मात्र ती पूर्ण चार तास लिहिते.

पाचवी पायरी: कोणाला काय कधी कळतं

ही यादी संवाद लिहिण्याआधी भिंतीवर लावा. पहिल्या भागात सात मिनिटांचं पुण्य. दुसऱ्यात केंद्रातला प्रेशर गेज सात मिनिटं शून्यावर, म्हणजे प्रेक्षकाला कळलं, दोघांना नाही. तिसऱ्यात भेट. चौथ्यात दिगंबरला कळतं की ती लाइन तिची आहे, आणि दुसऱ्या पहाटे तो पुन्हा सात मिनिटं थांबतो. करडेपणाची खरी सुरुवात इथे आहे. याआधी तो अजाण होता.

पाचवा भाग सुखाचा ठेवा, अगदी पूर्ण 40 मिनिटं. लेखक इथे घाई करतात, आणि मग शेवटी प्रेक्षकाच्या डोळ्यात पाणी का आलं नाही याचं आश्चर्य करतात. दोघांनी एका बादलीत पाय बुडवून बसावं, भांडावं, जेवावं. तिच्या वहीचं सत्य मात्र याच भागात, त्याच्या समोर उघडावं.

सहाव्यात तिला कळतं. ती आरडाओरडा करत नाही. "त्यातली तीन मिनिटं मला दे," एवढंच मागते. सातातली तीन तिची, चार त्याची. आठ भागांतला सगळ्यात प्रेमाचा सीन हाच, आणि सगळ्यात भयंकरही. तिसऱ्या मजल्यावरची टोकाची बिऱ्हाडं त्याच आठवड्यात कोरडी पडतात. सातव्यात, ज्याचा तास ती सारखा कापत आली, तो रुग्ण जातो. चौकशी लागते.

एक नियम पाळा: एका भागात गेलेली गोष्ट पुढच्या भागात परत आणायची नाही. मेलेला परत आला, तुटलेला विश्वास एका माफीने जुळला, की मागचा सगळा हिशेब खोटा ठरतो.

सहावी पायरी: शेवट

2016 मध्ये 'द हंड्रेड' या अमेरिकन मालिकेत लेक्सा हे पात्र मारलं गेलं. ती आणि नायिका क्लार्क एकत्र आल्या आणि लगेच, क्लार्कसाठी झाडलेली गोळी चुकून लेक्साला लागली. प्रेक्षक इतके दुखावले की मालिकेच्या निर्मात्याला जाहीर माफी मागावी लागली. पडद्यावर समलिंगी बायकांनाच वारंवार मारलं जातं, हा राग त्यात होता आणि तो रास्त होता. पटकथेच्या बाजूनेही शिकण्यासारखं आहे: चुकून लागलेल्या गोळीमागे लेक्साची कोणतीही निवड नव्हती. घात अटळ वाटायला हवा असेल तर तो पात्राच्या हातून व्हावा.

त्यागाचा शेवटही टाळा. दिगंबरने सगळं अंगावर घेतलं आणि तुरुंगात गेला, की तो धुऊन पांढरा होतो. आपल्या गोष्टीत चौकशी समिती सांगते, नाव मिळालं नाही तर दोन्ही लाइन महिनाभर बंद. वैजयंती नाव देते. तिची वही तिच्याच कपाटात राहते, आणि दिगंबरला ती वही माहीत असूनही तो बोलत नाही. का, हे लिहू नका. दोघं जिवंत, दोघं त्याच वॉर्डात.

सातवी पायरी: संवादांवर शेवटचा हात

मराठीत 'तू' आणि 'तुम्ही' हे मोठं हत्यार आहे. संपूर्ण पटकथेत फक्त या दोन शब्दांवर खूण करत एकदा फिरा. तिसऱ्या भागात 'तुम्ही', पाचव्यात न ठरवता, खाण्यापिण्याच्या साध्या वाक्यात 'तू' ("दिगू, तू घे ना अजून"), आणि प्रेमाची कबुली कुठेच नाही. भाषण करणारं प्रत्येक वाक्य काढा. राजवटीबद्दल पात्रं बोलायला लागली की ती लेखकाची तोंडं होतात.

एक पान म्हणजे एक मिनिट, हा ठोकताळा देवनागरीत टंकलेल्या पटकथेला नीट लागू पडत नाही. घड्याळ लावून मोठ्याने वाचा, मुके सीन मनात करून पाहा. कुठेही दाखवायला देण्याआधी अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदणी करून घ्या.

शेवटचा सीन आवाजात तपासून मगच लिहा. नवा चावीवाला दिगंबरच्या हाताखाली शिकतोय. पाणी वेळेवर बंद होतं. वैजयंती रस्त्याच्या पलीकडून येते, त्याच्या मनगटाकडे पाहते.

"घड्याळ दुरुस्त केलंत तुम्ही."

"हो, मॅडम."