उंबऱ्याबाहेरची कामं: टाळेबंदीच्या तयारीची यादी

एक कोरा कागद घ्या आणि गेल्या पंधरा दिवसांत घरातलं कोण, कशासाठी, किती वेळा बाहेर पडलं ते आठवून लिहा. सामानाची यादी नंतर, आधी फेऱ्यांची. दूध, औषधं, नोकरी, बँक, केस कापणं, आजारी मावशीला भेटणं, नुसतं पाय मोकळे करणं, सगळं. ही यादी वाटते त्याहून लांब निघते. त्यातल्या बऱ्याच फेऱ्या गरजेपेक्षा सवयीच्याच असतात.

आता प्रत्येक फेरीसमोर तीन गोष्टी लिहा. हे काम घरबसल्या होईल का, दुसऱ्या कुठल्या फेरीत उरकता येईल का, आणि ते थांबवलं तर किती दिवसांनी अडेल. तिसरं उत्तर तारखेतच हवं. ‘अत्यावश्यक’ हा शब्द आपण वस्तूवर चिकटवलेल्या शिक्क्यासारखा वापरतो, पण बहुतेक कामं आज अनावश्यक असतात आणि चाळीस दिवसांनी तीच अत्यावश्यक होतात. इटलीत मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे कपड्यांची दुकानं बंद झाली. १४ एप्रिलपासून सरकारने पुस्तकांच्या आणि स्टेशनरीच्या दुकानांबरोबर लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानांनाही परवानगी दिली. तान्ह्या मुलाला महिन्याभरापूर्वीचे कपडे होत नाहीत, आणि त्याला ते समजावताही येत नाही.

हे सगळं टाळेबंदीचा आदेश यायच्या आधी करायचं. भारतात २४ मार्च २०२० रोजी रात्री ८ वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून टाळेबंदी लागू झाली. मध्ये चार तास. त्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराने दारूची दुकानं अनावश्यक ठरवली. लगेच दुकानांपुढे एवढ्या रांगा लागल्या की काही तासांतच निर्णय फिरवावा लागला. शेवटच्या तासांतली गर्दी म्हणजे जे टाळण्यासाठी आदेश काढला, तेच सगळे मिळून एकदम करणं. घोषणेनंतर दुकानाकडे धावायची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हा कागद.

आदेश निघाला की बातमीवर न थांबता मूळ मजकूर वाचा. त्यात बहुतेकदा दोन वेगळ्या याद्या असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, कोणत्या सेवा चालू राहतील. दुसरी, माणसाने कोणत्या कारणासाठी बाहेर पडावं. बँक चालू आहे याचा अर्थ पासबुक भरून आणणं आवश्यक झालं असा होत नाही. उलटही होतं. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये ऑक्टोबर २०२० च्या टाळेबंदीत सुपरमार्केट उघडी होती, पण अनावश्यक ठरवलेल्या मालाची विक्री बंद केली होती, म्हणून दुकानातली मालाची काही कपाटं चक्क झाकून टाकली होती. अशी रेघ कुठेही ओढली तरी तिच्या पलीकडे कुणाची तरी खरी गरज राहतेच. किटली अनावश्यक खरी, पण जिची कालच जळली तिला विचारा.

औषधांवर मात्र वेळ घालवा. रोजची औषधं निदान महिनाभर पुरतील एवढी आहेत का ते मोजा. डॉक्टरांची चिठ्ठी जुनी झाली असेल तर आत्ताच नवी करून घ्या आणि तिचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. थर्मामीटर चालतो का, रक्तदाब किंवा साखर मोजायच्या यंत्राच्या बॅटऱ्या आणि पट्ट्या आहेत का ते बघा. श्वसनाच्या आजाराची साथ असेल तर बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरात असावा. निरोगी माणसाचा आकडा साधारण ९५ ते १०० असतो. प्रत्येकाचा तब्येत बरी असतानाचा आकडा आधीच लिहून ठेवा, म्हणजे पुढे तुलना करता येते. नखांना रंग असेल तर आकडा चुकू शकतो.

चष्म्याचं लक्षात ठेवा, कारण माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. टाळेबंदीच्या चौथ्या दिवशी माझ्या चष्म्याची काडी मुळापासून तुटली, जुना चष्मा मी मोठ्या उत्साहाने टाकून दिला होता आणि नंबराचा कागद सापडेना. पुढचे कित्येक दिवस मी चिकटपट्टी लावलेला चष्मा घालून व्हिडिओ कॉलवर गंभीर चेहऱ्याने बोलत होतो. जुना चष्मा टाकू नका, नंबराचा फोटो काढून ठेवा, आणि दात ठणकायला लागला असेल तर आजच दाखवा.

याच्या नेमकी उलट चूक जास्त महागात पडते. घरी राहायचं म्हणून लोक दवाखानाही टाळतात. छातीत दुखणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं, धाप लागणं, मोठा रक्तस्राव, प्रसूतीच्या कळा यांना तारीख नसते. तिथे कागद न बघता निघायचं. डायलिसिस आणि कर्करोगाचे उपचार ठरल्या दिवशीच व्हायला हवेत, बदल करायचा तर डॉक्टरांनीच. बाळाचं लसीकरणही यातच येतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये जगभरात २ कोटी ३० लाख मुलं नेहमीच्या लसीकरणातल्या मूलभूत लसींपासून वंचित राहिली; २०१९ च्या तुलनेत ३७ लाखांनी जास्त. एका साथीला घाबरून गोवरासारख्या दुसऱ्या साथीला दार उघडून देण्याचाच हा प्रकार. फोन करून वेळ घ्या, गर्दी नसताना जा, पण जा. नेहमीची वार्षिक तपासणी, दातांची सफाई, बरी असलेली जुनी तक्रार पुन्हा एकदा दाखवणं, हे खुशाल पुढे ढकला.

किराणा दोन आठवड्यांचा असावा. हा आकडा हवेतून आलेला नाही. कोविडमध्ये संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत १४ दिवसांपर्यंतचा काळ जाऊ शकतो असं धरलं जायचं. घरातल्या कुणाची बाधिताशी गाठ पडली तर तेवढे दिवस अख्ख्या घराला दार लावून बसता आलं पाहिजे. त्याहून जास्त भरू नका. रोजच्या कमाईवर रोजचं घेणाऱ्याच्या वाट्याचं ते असतं. २०२० मध्ये बऱ्याच देशांत दुकानांतून सगळ्यात आधी संपला तो टॉयलेट पेपर, तेही साथ श्वसनाच्या आजाराची असताना. माणूस घाबरला की पोटाआधी त्याला काय सुचेल, सांगता येत नाही. तान्ह्या बाळाची दुधाची पावडर, सॅनिटरी पॅड, पाळीव प्राण्याचं खाणं, साबण, इंधन, एखादा जादा बल्ब, नळाचा वॉशर, एवढं बघून घ्या. सॅनिटायझर घेणार असाल तर त्यात निदान ६० टक्के अल्कोहोल हवं, पण साबणाने वीस सेकंद हात धुतले तर त्याची गरजच पडत नाही. खरेदीला घरातल्या एकानेच जायचं, तो कोण हे आत्ताच ठरवा. तो आजारी पडला तर दुसरा कोण, हेही.

मोकळ्या हवेचं काय, यावर देशोदेशींची मतं वेगळी होती. फ्रान्समध्ये व्यायामासाठी घरापासून एक किलोमीटरच्या आत, दिवसाला एक तास, आणि सोबत कारण व वेळ लिहिलेला फॉर्म. ब्रिटनमध्ये सुरुवातीला दिवसातून एकदा. स्पेनमध्ये २६ एप्रिलपर्यंत, म्हणजे जवळपास सहा आठवडे, मुलांना फिरायला बाहेर नेता येत नव्हतं, कुत्र्याला मात्र नेता येत होतं. मला हा नियम तेव्हाही पटला नाही, आताही नाही. न्यूझीलंडने पोहणं, सर्फिंग, शिकार आणि डोंगरातली पायपीट बंद केली. त्याचं कारण विषाणूपेक्षा वेगळं होतं, आणि ते घरातही लागू पडतं: कुणी बुडालं, पडलं, हरवलं तर सोडवायला माणसं धावतात आणि दवाखान्यातली एक खाट जाते. म्हणून शिडीवर चढून छत दुरुस्त करणं, नवीन धारदार अवजार शिकणं, असली हौस या दिवसांत अनावश्यक कामांत धरा, घराबाहेर पाऊल पडत नसलं तरी.

ज्यांचं कामच अत्यावश्यक सेवेत आहे त्यांनी ओळखपत्र आणि कार्यालयाचं पत्र आधी मिळवावं. दोघंही तसल्याच नोकरीत असतील तर मुलं कुणाकडे, हा प्रश्न आदेशाच्या रात्री सुटत नाही. घरी कामाला येणारं कुणी असेल तर तिचं येणं थांबेल, पगार थांबू नये. तो कसा पोचवायचा ते तिला विचारून ठेवा. थोडी रोख, बिलांच्या तारखा, मुदत संपत आलेली कागदपत्रं, हे एका संध्याकाळचं काम आहे.

दुसऱ्याची काळजी घेण्यासाठी बाहेर पडायला बहुतेक आदेशांत मुभा असते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची नावं कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे कोण रोज फोन करणार ते. आणि घरातच मारहाण होत असेल, तर ते घर सोडणं हे अत्यावश्यक काम आहे. इंग्लंडच्या २०२० च्या नियमांत इजेच्या धोक्यातून सुटण्यासाठी बाहेर पडणं हे वैध कारण म्हणून लिहिलेलंच होतं. अशा घरातल्या बाईने कागदपत्रं, थोडे पैसे आणि औषधं एका पिशवीत, शक्यतो विश्वासाच्या शेजारणीकडे ठेवावीत. हा मुद्दा मात्र कागदावर लिहू नका.

उरलं ते उघडच आहे: भेटीगाठी, वाढदिवस, सहज डोकावून येणं, दुकानात जाऊन ‘बघून ठेवणं’. ही कामं कागदावर खोडू नका, समोर तारीख टाका. केस तीन महिने वाढले तर काही बिघडत नाही. एकट्या पडलेल्या मित्राला तीन महिने कुणीच भेटलं नाही तर बिघडू शकतं, तेव्हा त्याची तारीख जवळची लिहा आणि तोवर फोन. लग्नकार्य पुढे ढकलता येतं. अंत्यविधी ढकलता येत नाही, त्याला किती जणांना परवानगी आहे ते आदेशात पाहावं लागतं, आणि कोण जाणार नाही हे ठरवणं घरातलं सगळ्यात अवघड बोलणं असतं.

कागद दाराच्या आतल्या बाजूला लावा, दोऱ्याने पेन बांधा. दर रविवारी एकाने तारखा वाचायच्या आणि ज्या कामाची तारीख आठवड्याभरात येतेय ते वरच्या ओळीत न्यायचं. गेल्या वेळी आमच्याकडे तिसऱ्या रविवारी पहिल्यांदा वर गेला तो चष्मा.